सुट्या भागांतून पहिली बेस गिटार: आधी रेषा, मग अंतर, मग बाकी सगळे

चार तारांची बेस गिटार सुट्या भागांतून जुळवताना दोनच गोष्टी अशा असतात, की त्या एकदा चुकल्या तर पुढे कितीही पैसे ओतले तरी वाद्य ताळ्यावर येत नाही. पहिली म्हणजे नेकच्या (डाव्या हातात धरायच्या लांब दांड्याच्या) टोकापासून ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा जेथे टेकतात त्या भागापर्यंत) जाणारी मधली सरळ रेषा, आणि दुसरी म्हणजे तारेचा जो भाग कंप पावतो त्याची लांबी. तारांचा कंप विजेत बदलणारा पिकअप बदलता येतो, खुंट्या बदलता येतात, रंग खरवडून नवा देता येतो आणि वायरिंग तर एका संध्याकाळी काढून पुन्हा करता येते. पण वाकडा बसलेला नेक आणि चुकीच्या जागी बसवलेला ब्रिज यांची भोके लाकडात कायमची राहतात. म्हणून पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्याने आपला पैसा, वेळ आणि काळजी यांची वाटणी याच हिशेबाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढचे सगळे विवेचन त्याच धाग्याने केले आहे.

हे वाद्य घरच्या टेबलावर जुळवता येते याचे श्रेय लिओ फेंडर यांना जाते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे 1938 पासून त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि 1951 मध्ये त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ नावाची विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. तोवर खर्जाचे काम माणसाच्या उंचीच्या डबल बेसकडे असे. ते धूड एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे जिकिरीचे होते आणि त्याला पडदे नसल्यामुळे नेमक्या सुरावर बोट पडणे सर्वस्वी वादकाच्या कानावर आणि सरावावर अवलंबून असे. फेंडर यांनी नेकवरच्या, बोटे दाबायच्या पट्टीवर फ्रेट, म्हणजे आपल्या सतारीला असतात तसे धातूचे पडदे बसवले. सूर नेमका लागू लागला आणि तोच नेमकेपणा, म्हणजे ‘प्रिसिजन’, वाद्याचे नाव झाले. मात्र आपल्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी नेक सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बॉडीला जोडला. खराब झालेला भाग काढावा आणि तेथे दुसरा बसवावा, ही रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सवय त्या रचनेत मला स्वच्छ दिसते. आज अनेक उत्पादक याच मापांचे नेक, बॉडी आणि ब्रिज बनवतात आणि म्हणूनच एकाकडचा नेक दुसऱ्याच्या बॉडीत बसू शकतो. या लेखात मी याच जातीची गिटार समोर ठेवली आहे: चार तारा, वीस पडदे, 1957 पासून रूढ झालेला दोन तुकड्यांचा पिकअप, एक आवाजाची कळ आणि एक टोनची.

भाग निवडताना

बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात सगळे भाग एकाच कारखान्यातून, भोके पाडून, एका खोक्यात येतात आणि दुसऱ्यात आपण एकेक भाग निवडून आणतो. पहिला प्रकार सोपा असला तरी त्यातल्या नेकचा दर्जा आपल्या हाती नसतो. माझ्या मते पहिल्या खेपेला बॉडी साधी चालेल, खुंट्या साध्या चालतील, पण नेक मात्र स्वतंत्रपणे, पारखून आणि शक्य तितका चांगला घ्यावा. परदेशातून मागवायचा असेल तर टपालखर्च आणि आयात शुल्क आधीच हिशेबात धरावे, कारण अंतिम किमतीत त्यांचा वाटा मोठा असतो.

नेक आणि बॉडी एकमेकांत बसतील की नाही, हे तीन मापांवरून ठरते. नेकचा बुडखा, म्हणजे बॉडीतल्या खोबणीत बसणारे टोक, या जातीच्या गिटारमध्ये 63.5 मिमी रुंद असते आणि खोबणही तेवढीच असते. बुडख्याची जाडी सुमारे 25 मिमी आणि खोबणीची खोली सुमारे 16 मिमी असते, त्यामुळे नेक बॉडीच्या पृष्ठभागापेक्षा नऊएक मिलिमीटर वर राहतो आणि तारांना ब्रिजवरून नीट उतार मिळतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे स्केल, अर्थात नटपासून (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाशी तारांसाठी खाचा असलेल्या तुकड्यापासून) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतचे (तार टेकते त्या सरकत्या तुकड्यापर्यंतचे) अंतर, जे येथे 34 इंच म्हणजे 863.6 मिमी आहे. बाजारात 30 इंची नेकही मिळतात. तसा नेक 34 इंची बॉडीवर कदाचित नुसता बसेलही, पण त्यावर एकही सूर खरा लागणार नाही, कारण पडद्यांची मांडणी त्या विशिष्ट लांबीसाठीच केलेली असते.

ही मांडणी समजून घेण्यासारखी आहे. तार अर्ध्यावर दाबली की सूर एका सप्तकाने चढतो आणि त्या सप्तकाचे बारा समान स्वरांतर करायचे असतील तर प्रत्येक पडद्यावर उरलेल्या तारेची लांबी सुमारे 5.6 टक्क्यांनी कमी व्हावी लागते. म्हणूनच पडदे सारख्या अंतरावर नसतात. 34 इंची नेकवर नट ते पहिला पडदा हे अंतर सुमारे 48.5 मिमी असते, तर एकोणिसाव्या आणि विसाव्या पडद्यांमधले अवघे 16.2 मिमी. बारावा पडदा बरोबर मध्यावर, 431.8 मिमीवर येतो. नेक हाती आला की पहिल्यांदा हेच माप घ्यावे. नटची पट्टीकडची कड ते बाराव्या पडद्याचा माथा हे अंतर मोजून दुप्पट केले की तुमच्या हातातल्या नेकचे खरे स्केल कळते आणि विकणाऱ्याच्या माहितीपत्रकावर विसंबून राहावे लागत नाही.

त्यानंतर नेक डोळ्याजवळ धरून, बंदुकीचा नेम धरावा तसा, बुडख्याकडून टोकाकडे पाहावा. दोन्ही कडा सरळ दिसल्या पाहिजेत. किंचित पुढे किंवा मागे वाकलेला नेक आतल्या पोलादी सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, सरळ करता येतो. पण एक कड वर आणि दुसरी खाली अशी पीळ पडलेली असेल तर तो नेक परत करावा, कारण पिळावर घरगुती इलाज नाही. ट्रस रॉड फिरवायचा पेचाचा नट खुंट्यांच्या बाजूला असलेला नेक निवडावा. जुन्या पद्धतीत तो बुडख्याच्या बाजूला असतो आणि दर वेळी फिरवण्यासाठी नेक उतरवावा लागतो.

पट्टीसाठी मेपल किंवा शिसव, यांपैकी जे आवडेल ते घ्यावे. सह्याद्रीच्या जंगलांतही वाढणारे भारतीय शिसव जगभरच्या गिटारींच्या पट्ट्यांसाठी वापरले जाते. 2017 च्या जानेवारीत शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले होते. 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग त्यातून वगळले गेले, त्यामुळे शिसवी पट्टीचा तयार नेक मागवायला आता ती अडचण राहिलेली नाही.

बॉडीच्या लाकडाने आवाज किती बदलतो यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिल्या गिटारपुरते मी वजन पाहायला सांगेन. गिटारच्या बॉडीसाठी वापरल्या जाणाऱ्या आल्डर या परदेशी लाकडाचे वजन घनमीटरला सुमारे 450 किलो भरते, तर आपल्याकडे सुताराकडे सहज मिळणारे सागवान साडेसहाशेच्या आसपास जाते. सागाची बॉडी देखणी होते, पण दोन तास उभे राहून वाजवले की खांदा बोलू लागतो, आणि सागातल्या तेलामुळे पॉलिशही सहजासहजी धरत नाही. उलट बॉडी फारच हलकी असेल तर खुंट्यांच्या भाराने नेक खाली झुकतो आणि डावा हात सूर दाबायचे सोडून नेक उचलून धरण्यात गुंततो. पूर्ण जुळवलेली गिटार चार किलोंच्या आसपास भरली की सहसा तोल बरा राहतो.

दोऱ्याने पाहायची रेषा

आता ज्या कामासाठी पूर्ण सुटीचा दिवस राखून ठेवावा, ते काम. नेक खोबणीत बसवावा आणि शिकंज्याने हलकेच आवळावा. शिकंज्याच्या दोन्ही जबड्यांखाली जाड कापडाच्या घड्या ठेवाव्यात. ब्रिज त्याच्या जागी कागदी चिकटपट्टीने धरून ठेवावा, आणि बॉडीला ब्रिजची भोके आधीच पाडलेली असतील तर दोन स्क्रूंनी तात्पुरता बसवावा. मग शिवणाचा काळा दोरा घ्यावा. त्याचे एक टोक सर्वांत जाड ‘ई’ तारेच्या खुंटीला बांधून, नटच्या खाचेतून काढून, ब्रिजवरच्या ई सॅडलवरून ओढून घट्ट करावे, आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत बारीक ‘जी’ तारेच्या जागी तसाच दुसरा दोरा लावावा. पंखा बंद करावा, कारण वाऱ्याने दोरा थरथरतो आणि येथे अर्ध्या मिलिमीटरचाच प्रश्न असतो.

नंतर शेवटच्या पडद्यापाशी पोलादी पट्टी टेकवून दोन्ही बाजूंचे अंतर वाचावे: ई दोऱ्यापासून नेकची कड किती लांब आहे आणि ‘जी’ दोऱ्यापासून दुसरी कड किती लांब आहे. दोन्ही सारखी आली तर नेक रेषेत आहे. ई बाजूला चार मिमी आणि ‘जी’ बाजूला दोन मिमी आले तर वाजवताना ‘जी’ तार नेकवरून घसरून खाली जाईल, आणि असे वाद्य वाजवणाऱ्याचा उत्साह महिनाभरात मावळतो. खोबण थोडी सैल असेल तर नेक जरासा फिरवून अंतर जुळवता येते. खोबण घट्ट असेल आणि ब्रिजची जागा अजून मोकळी असेल तर ब्रिज बाजूला सरकवावा. दोन्ही शक्य नसेल तर खोबणीच्या एका भिंतीवरून पॉलिश पेपर फिरवावा, पण दोन-चार हात मारून पुन्हा दोरा पाहावा, कारण एकदा काढलेले लाकूड परत भरता येत नाही.

दोरा जुळला की शिकंजा न हलवता बॉडीच्या चार भोकांतून टोकदार खिळ्याने नेकच्या बुडख्यावर खुणा कराव्यात आणि मगच नेक बाहेर काढावा. फेंडरच्या जुन्या कारखान्यात बुडख्यावर पेन्सिलीने तारीख घालण्याची पद्धत होती. ती आपणही पाळावी. नंतर कधी नेक उतरवला तर आपलाच हात आपल्याला भेटतो.

चार स्क्रू

भोकांचा हिशेब दोन निरनिराळ्या लाकडांचा आहे आणि बहुतेक चुका तो न समजल्यामुळे होतात. नेकचे स्क्रू साधारण 4.2 मिमी जाडीचे असतात. बॉडीतले भोक त्यापेक्षा मोठे, साडेचार ते पाच मिमीचे असले पाहिजे, म्हणजे स्क्रू त्यातून मोकळा सरकेल. बॉडीत आटे पकडले गेले तर स्क्रू कितीही आवळला तरी नेक आणि बॉडी यांच्यामध्ये कागदाएवढी फट राहते, कारण स्क्रू दोघांनाही आहे त्या जागी धरून ठेवतो, नेकला खाली ओढून घेत नाही. नेकमधले भोक मात्र स्क्रूपेक्षा लहान, 3.2 मिमीच्या आसपास हवे, म्हणजे आटे लाकडात रुततील.

खोलीही मोजूनच ठरवावी. बॉडीची जाडी सुमारे 44.5 मिमी असते. त्यातून 16 मिमीची खोबण वजा केली की खोबणीखाली सुमारे 28.5 मिमी लाकूड उरते. पाठीमागच्या लोखंडी पट्टीचा दीडएक मिलिमीटर धरला तर 45 मिमीचा स्क्रू नेकमध्ये साधारण 15 मिमी शिरतो. म्हणून ड्रिलच्या पात्यावर टोकापासून 16 मिमीवर चिकटपट्टीची खूण करावी आणि खूण लाकडाला टेकली की थांबावे. बुडखा पट्टीसह फक्त 25 मिमीचा आहे, हे विसरून हात पुढे गेला तर पाते पडद्यांच्या मधून बाहेर येते.

मेपल कठीण लाकूड आहे, आणि ते किती कठीण आहे हे मला माझ्या पहिल्या गिटारने दाखवले. भोक लहान ठेवले तर पकड जास्त मिळेल असे समजून मी अडीच मिलिमीटरचे भोक पाडले आणि स्क्रू जोर लावून फिरवू लागलो. पहिले दोन गेले. तिसरा अर्धा आत शिरल्यावर करकरला, आणि मी थांबायच्या आत त्याचे डोके पेचकसासोबत वर आले. उरलेला दांडा नेकमध्येच राहिला. तो काढण्यासाठी भोवतीचे लाकूड कोरावे लागले, त्या जागी कठीण लाकडाची गुल्ली सरसाने बसवावी लागली आणि ती दोन दिवस वाळल्यावर नव्याने भोक पाडावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक स्क्रू मेणबत्तीच्या मेणावर फिरवून घेतो आणि आधी निरुपयोगी मेपलच्या तुकड्यात एक स्क्रू पिळून पाहतो. आट्यांना साबण लावायची जुनी युक्ती मात्र टाळावी, कारण साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.

अंतर

ब्रिज कोठे बसवायचा? सरळ उत्तर असे वाटते, की नटपासून 863.6 मिमीवर. प्रत्यक्षात तसे केले तर सगळे दाबलेले सूर थोडे चढे लागतात. याची कारणे दोन आहेत. तार पडद्यावर दाबली की ती ताणली जाते आणि ताणल्यामुळे सूर वर जातो. शिवाय जाड तार आपल्या ताठपणामुळे टोकांजवळ मोकळेपणाने वाकत नाही, त्यामुळे तिची खरोखर कंप पावणारी लांबी दिसते त्यापेक्षा कमी असते. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे तार थोडी लांब करणे, आणि तार जितकी जाड तितकी ही भरपाई जास्त. म्हणून ब्रिजवरची चार सॅडल सरळ रेषेत न राहता तिरकी, पायऱ्यांसारखी बसलेली दिसतात: सर्वांत बारीक जी तारेचे नटकडे पुढे आणि सर्वांत जाड ई तारेचे काही मिलिमीटर मागे.

सॅडलला पुढे-मागे सरकायला जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जागा असते, म्हणून ब्रिज असा ठेवावा की ही सगळी भरपाई त्या जागेत मावेल. ‘जी’ तारेचे सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणावे, दोनएक मिलिमीटरची सवड ठेवावी, आणि त्या स्थितीत त्याचा माथा नटपासून 863.6 मिमीवर येईल अशा तऱ्हेने ब्रिज टेकवावा. मग ई सॅडलला मागे सरकायला पुरेशी जागा उरते. सुताराच्या गुण्याने ब्रिज मधल्या रेषेला काटकोनात आहे हे पाहावे, पुन्हा एकदा दोरा लावावा, आणि मगच खुणा करून भोके पाडावीत. या भोकांबरोबरच पिकअपच्या खोलगट जागेतून ब्रिजखाली निघणारे एक बारीक तिरके भोक हवे. त्यातून ब्रिजला विजेचे अर्थिंग देणारी वायर येते. तयार बॉडीत ते बहुधा असते, पण नसले तर रंगानंतर ते पाडणे जिवावर येते.

रंग किंवा पॉलिश हे काम सगळी भोके पाडून, सगळे भाग एकदा कोरडे जुळवून आणि पुन्हा सुटे करून मगच करावे. पद्धतींत मी शिरत नाही, दोनच सूचना देतो. खोबणीत रंगाचा जाड थर बसू देऊ नये, नाहीतर दोऱ्याने जुळवलेले सगळे बिघडते. आणि स्पिरिट पॉलिश किंवा लॅकर पावसाळी हवेत मारू नये, कारण वाळताना हवेतली ओल थरात अडकून वर पांढुरके ढग दिसू लागतात. कोकणातला किंवा मुंबईचा कोणताही सुतार जुलैत हे काम घ्यायला का कुरकुरतो ते त्यावरून कळते.

वायरिंग

विजेच्या भागाची लोकांना सर्वांत जास्त भीती वाटते आणि खरे तर तोच सर्वांत सोपा भाग आहे, कारण येथे चुकले तर डाख वितळवून पुन्हा करता येते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ हलली की त्या वेढ्यांत अत्यल्प वीज निर्माण होते आणि तीच अॅम्प्लिफायरकडे जाते. आपल्या पिकअपचे दोन तुकडे असतात, एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. त्यांचे चुंबक आणि वेढे परस्परांविरुद्ध ठेवलेले असतात, त्यामुळे तारांचा आवाज बेरजेत येतो आणि बाहेरून शिरणारी घरघर वजाबाकीत जाते.

ही घरघर आपल्याकडे विशेष त्रासाची असते. भारतातील घरगुती वीज 50 हर्ट्‌झची आहे. बेसची मोकळी ई तार 41.2 हर्ट्‌झवर आणि मोकळी ए तार 55 हर्ट्‌झवर बोलते. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर 49 हर्ट्‌झचा आहे. म्हणजे घरघर वाद्याच्या स्वतःच्या मुलखातच येऊन बसते आणि अॅम्प्लिफायरवर खर्ज कमी करून ती घालवावी म्हटले तर सूरही सोबत जातो. म्हणून पिकअपच्या आणि कळांच्या खोलगट जागांना आतून तांब्याची चिकट पट्टी लावून ती अर्थला जोडावी. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे आणि मी तो कधीच टाळत नाही.

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: 250 किलोओहमचे दोन पॉट (कळांखालचे कमी-जास्त करता येणारे प्रतिरोधक), टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, अॅम्प्लिफायरची वायर खोचायचा एक जॅक आणि हातभर वायर. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कपॅसिटर मागताना त्यावर 473 छापलेले आहे का, हे पाहावे. तीच त्या मूल्याची खूण. 250 चा पॉट मिळाला नाही आणि 220 चा मिळाला तर बिनदिक्कत घ्यावा, कारण साध्या पॉटच्या छापील मूल्यातच वीस टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतलेला असतो.

जोडणी अशी. पिकअपची गरम, म्हणजे आवाजाचा सिग्नल नेणारी, वायर आवाजाच्या पॉटच्या एका टोकाच्या पायाला जाते, मधला पाय जॅकच्या टोकाच्या पात्याला जातो आणि तिसरा पाय वाकवून पॉटच्या पाठीला डाख देऊन जोडायचा. टोनच्या पॉटसाठी, पिकअपची वायर ज्या पायाला आली आहे तेथून एक वायर टोनच्या पॉटच्या मधल्या पायाला न्यावी आणि त्याच्या एका बाजूच्या पायापासून कपॅसिटर पॉटच्या पाठीला जोडावा. पिकअपची दुसरी वायर, ब्रिजची वायर, तांब्याची पट्टी आणि जॅकचा बाहेरचा भाग हे सगळे पॉटच्या पाठीवर एकत्र येते. पॉटची पाठ डाख धरत नाही अशी तक्रार पुष्कळ जण करतात. ती आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावी, चाळीस वॉटच्या आसपासचे सोल्डरिंग आयर्न वापरावे, आणि आधी धातू तापवून मग डाख लावावा. आयर्नच्या टोकावरच डाख वितळवून वरून थापला तर तो मोत्यासारखा वर बसतो आणि आठवड्याने निखळतो.

बंद करण्यापूर्वी मल्टिमीटरने जॅकवर प्रतिरोध पाहावा. दोन्ही कळा पूर्ण उघड्या असताना दहा-बारा किलोओहमच्या आसपास आकडा आला तर जोडणी बरोबर आहे. तारा लावल्यावर घरघर येत असेल आणि तारेला हात लावताच ती कमी होत असेल तर ब्रिजची वायर काम करते आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. वाद्याच्या तारा आता अॅम्प्लिफायरच्या अर्थशी जोडलेल्या आहेत आणि वादकाचे दोन्ही हात त्या तारांवर असतात. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि पुष्कळ मांडवांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनमागे वायरच नसते. अशा ठिकाणी अॅम्प्लिफायर बिघडला तर वीज थेट तारांवर येऊ शकते. घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय विजेचे वाद्य लावू नये.

सूर जुळवणे

तारा चढवताना प्रत्येक तार खुंटीच्या पुढे चार-पाच इंच ठेवून आधी काटकोनात वाकवावी आणि मगच कापावी, नाहीतर वरचे वेष्टण आतल्या गाभ्यावरून सैल होऊ शकते. 45 ते 105 जाडीच्या (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात) चार तारा सुरात आल्या की नेकवर एकूण ऐंशी किलोंच्या आसपास ताण येतो, म्हणजे एका प्रौढ माणसाचे वजन. लाकडाला तो अंगवळणी पडायला निदान एक दिवस द्यावा.

दुसऱ्या दिवशीचे काम ठरावीक क्रमानेच करावे, कारण प्रत्येक पायरी पुढचीला हलवते. आधी नेकचा बाक. ई तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबली की तीच सरळ पट्टीचे काम करते. आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यात 0.3 ते 0.35 मिमी फट हवी. ती मोजायला गॅरेजमध्ये टॅपेट सेट करताना वापरतात तेच फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच, चालते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा, पण एका वेळी पाव फेराच, आणि मग पुन्हा सुरात आणून मोजावे. नटची खाच पारखायला तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्यावर पाहावे. कागद जेमतेम सरकेल एवढीच जागा असावी.

नंतर तारांची उंची. सतराव्या पडद्यावर ई तारेखाली 2.4 मिमी आणि जी तारेखाली 2 मिमी हे माप सुरुवातीला ठेवावे. आपल्या तंबोऱ्याची जवारी काढताना मिरजेचे कारागीर घोडी कानाने ऐकत घासतात, ती तार घोडीच्या पृष्ठभागाला चाटून झणकारावी म्हणून. बेसमध्ये उलट आहे: तार कोणत्याही पडद्याला चाटता कामा नये. एकाच पडद्यावर करकर येत असेल तर त्याच्या पुढचा पडदा वर उचललेला असतो. तीन पडद्यांवर एकदम टेकेल अशी छोटी पोलादी पट्टी ठेवून ती डुगडुगते का हे पाहिले की तो सापडतो. सॅडल पूर्ण खाली करूनही तारा उंचच राहत असतील तर नेक उतरवून खोबणीत बॉडीच्या बाहेरच्या कडेला शून्य आणि आतल्या कडेला अर्धा मिलिमीटर अशी निमुळती लाकडी पाचर घालावी. तिच्यामुळे नेक किंचित मागे झुकतो.

शेवटी सॅडल. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणारा सूर आणि त्याच पडद्यावर तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे न्यावे, आणि दर वेळी तार पुन्हा सुरात आणावी. ब्रिजची जागा बरोबर मोजली असेल तर चारही सॅडल आपापल्या स्क्रूवर जागा शिल्लक ठेवून पायऱ्यांसारखी थांबतात.

नवा नेक पहिले काही महिने हलत राहतो. बाक, दोन्ही बाजूंची उंची आणि तारांची जाडी यांचे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून तो गिटारच्या बॅगेत ठेवावा. जूनच्या अखेरीस हवा ओली झाल्यावर आणि पुन्हा ऑक्टोबरात ती कोरडी झाल्यावर फिलर गेज घेऊन आठव्या पडद्यापाशी बसावे. त्या दोन वेळांना पाव फेरा इकडे किंवा तिकडे द्यावा लागतो, आणि त्यानंतर बाराव्या पडद्यावरचे सूर पुन्हा एकदा ताडून पाहावे लागतात.